रविवारी अडकणारा चेहरा

सोंबोरच्या त्या गल्लीत सकाळचा उजेड थेट घरात शिरत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बोजोशच्या झाडांनी वर आपल्या फांद्या एकमेकींत गुंतवून ठेवल्या आहेत आणि सूर्याला आधी त्यांची परवानगी घ्यावी लागते. ऑक्टोबरात पाने पिवळी पडली की ही परवानगी थोडी सैलपणे मिळते. मग उजेड पानापानांवरून उतरतो, वाटेत जरा पिवळा होतो, समोरच्या घराच्या कौलांवर घटकाभर रेंगाळतो आणि घाई नसलेल्या पाहुण्यासारखा देसामावशींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. खिडकीच्या दुहेरी काचांमध्ये वासासाठी ठेवलेली दुन्याची फळे आधी उजळतात. त्यांच्यावरची बारीक लव दिसू लागते. तिथून तो कॉफीच्या तांब्याच्या भांड्याच्या दांड्यावर येतो, मग टेबलावरच्या मेणकापडावर. त्यावर छापलेल्या चेरी एकेक करून लाल होतात. साखरेच्या भांड्याची सावली लांब पडते आणि हळूहळू आखडत जाते. सगळ्यात शेवटी उजेड लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पोचतो. पडदा बंद असला की त्यावर काही नसते, असे आपण समजतो. पण तिरप्या उजेडात त्यावर बोटांचे ठसे दिसतात. ते पडद्याभर विखुरलेले नसतात; मधोमध, जरा उजवीकडे, एकाच जागी एकावर एक उमटलेले असतात. रविवारी त्या जागी नेवेनाचा गाल येतो.

रेल्याने ते ठसे पाहिले, खिशातून मऊ कापड काढले आणि पुसून टाकले. यंत्राची निगा राखताना भावनेला थारा द्यायचा नाही, असा त्याचा नियम होता.

नेवेना ही देसामावशींची एकुलती एक लेक आणि रेल्याची शाळेपासूनची वर्गमैत्रीण. वडील गेले त्या हिवाळ्यात ती नोकरीसाठी स्वीडनला, गोथेनबर्गला गेली. जाताना आपला जुना लॅपटॉप तिने आईसाठी मागे ठेवला, आणि बसस्थानकावर, सामान चढवून झाल्यावर, रेल्याला म्हणाली, "आईच्या लॅपटॉपकडे लक्ष ठेवशील ना?" उत्तरादाखल रेल्याने मनात दोन-तीन सुंदर वाक्ये जुळवायला घेतली. ती जुळून तयार झाली तेव्हा बस कालव्याचा पूल ओलांडून गेली होती. शाळेपासून त्याचे असेच होत आले होते. फळ्यापाशी उभे केले की उत्तर त्याला माहीत असे, पण ते ओठांवर येईपर्यंत मधल्या सुट्टीची घंटा होई. आता तो त्याच शाळेत संगणक शिकवत होता, आणि मुले शांत बसतात यावरून आपला तास चांगला होतो असे समजत होता.

नेवेनाचे ते शेवटचे वाक्य त्याने व्रतासारखे घेतले. पहिल्याच आठवड्यात त्याने लॅपटॉपवरची जुनी प्रणाली पुसून टाकली आणि लिनक्स घातले. तो विधी त्याने इतक्या गांभीर्याने पार पाडला की देसामावशींनी मधेच येऊन मेणबत्ती वगैरे लावायची आहे का, असे विचारले. काम झाल्यावर त्याने आयुष्यात क्वचितच केलेली गोष्ट केली: ठाम विधान केले. "मावशी, हा आता कधीही हँग होणार नाही."

आणि वसंतभर तो झाला नाही. रविवारी सकाळी देसामावशी लॅपटॉपवरचे विणलेले पांढरे झाकण काढत, त्याची घडी करून मांडीवर ठेवत आणि ब्राउझर उघडत. पडद्यावर नेवेना येई. आईचे गुडघे, तिकडचा पाऊस, इकडच्या मिरच्यांचा भाव असे बोलणे चाले. रेल्या कोपऱ्यात बसून कॉफी घेई. त्याला काहीही करावे लागत नसे.

हेच त्याला सोसवेना. चालत्या गाड्याला खीळ घालण्याची ओढ लिनक्सवाल्यांच्या रक्तातच असते. यंत्र नीट चालत असले की त्यांना आपण नाकारले गेल्यासारखे वाटते. त्याने फोरमवर वाचले की मेमरी भरल्यावर वापरायची म्हणून डिस्कवर जी राखीव जागा ठेवतात, ती ठेवणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे. त्याने ती काढून टाकली. पडद्याचा ड्रायव्हर चांगला चालत होता, म्हणून त्याहून नवा घातला. ब्राउझरची आवृत्तीही बदलली. अजून तयार व्हायची होती ती घेतली, कारण तयार झालेली कोणीही वापरतो.

जूनमधल्या एका रविवारी लॅपटॉप गोठला. माउसचा बाण जागचा हलेना. नेवेनाचे तोंड अर्धे उघडे राहिले आणि आवाजाचा एकच तुकडा, सुई अडकलेल्या तबकडीसारखा, स्वयंपाकघरात घुमत राहिला. डिस्कचा दिवा मात्र पेटून राहिला होता, जणू आत कोणी जिवाच्या आकांताने कपाटे उपसत होते. रेल्याने मरणासन्न यंत्राला सभ्यपणे निरोप देण्याची, लिनक्सवाल्यांत प्रसिद्ध असलेली सहा अक्षरे कळफलकावर एकामागून एक दाबली. पडदा काळा झाला. देसामावशी म्हणाल्या, "तिचं वाक्य अर्धं राहिलं, पोरा."

वाक्य कशाचे होते, ते रेल्याला ठाऊक होते. मावशींनी विचारले होते, "मग, घरी कधी येतेस?" आणि नेवेना म्हणाली होती, "आई, मी..."

त्या "मी"च्या पुढे काय होते, हा प्रश्न रेल्याच्या उन्हाळ्यावर सावलीसारखा पडला. कालव्याच्या काठाने सायकल चालवताना तो ते वाक्य नाना परींनी पूर्ण करी. मी डिसेंबरात येते. मी कायमचीच येते. मी विचार करत होते, रेल्या कसा आहे? शेवटचे वाक्य व्याकरणाने त्या "मी"ला जोडता येत नव्हते, तरी तो जोडत असे. यंत्र नीट झाले की उत्तर मिळेल, अशी त्याने मनाशी गाठ बांधली होती, आणि एकदा तशी गाठ बांधल्यावर सगळे आयुष्य सोपे झाले. उत्तर नेवेनाकडे नव्हतेच आता. ते लॅपटॉपात अडकले होते, आणि लॅपटॉप त्याच्या हातात होता.

प्रकरण मंडळापुढे गेले. सोंबोरच्या मुक्त संगणक मंडळाची बैठक दर गुरुवारी, बंद पडलेल्या बुद्धिबळ क्लबच्या खोलीत भरते. मंडळात रेल्या धरून तिघे आहेत. एक तिहोमिरकाका, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातला प्रत्येक दोष पडद्याच्या ड्रायव्हरमध्ये असतो. दुसरे बुदिमिरकाका, सायकलदुरुस्तीचे दुकान चालवणारे; त्यांच्या मते ज्याने आपली प्रणाली मूळ अक्षरापासून स्वतःच्या हाताने बांधली नाही, त्याला दोषाची तक्रार करायचा अधिकारच नाही. दोघे लिनक्सच्या दोन वेगळ्या पंथांचे असल्यामुळे एकमेकांशी थेट बोलत नाहीत. तिहोमिरकाका रेल्याला सांगत की काही लोकांना ड्रायव्हर म्हणजे बसचालक वाटतो, आणि बुदिमिरकाका रेल्याला सांगत की काही लोकांनी आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या असत्या तर आज त्यांच्या मताला किंमत असती. रेल्या दोघांच्या मधे बसून मान हलवी. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, अशा थाटात मंडळाने महिनाभर ड्रायव्हर बदलले.

खरे कारण रेल्याला एका दुपारी आपसूक दिसले. देसामावशी ब्राउझरमधला एकही टॅब बंद करत नसत. या घरात काहीच टाकून दिले जात नसे; दह्याच्या रिकाम्या बरण्या, भेटवस्तूंचे कागद, दिवंगत नवऱ्याच्या टोप्या, सगळे जागच्या जागी होते, कधी काय लागेल सांगता येत नाही म्हणून. त्याच न्यायाने ब्राउझरमध्ये पाककृती, हवामान, मृत्युवार्ता आणि गोथेनबर्गच्या ट्रामचे वेळापत्रक ही सगळी पाने वसंतापासून उघडी होती. मेमरी भरून वाहत होती, आणि वाहणारे पाणी जिरायची जी जागा होती, ती रेल्यानेच बुजवली होती. त्याने ती गुपचूप परत खणून दिली, जुना ड्रायव्हर घातला आणि तयार झालेला ब्राउझर ठेवला. थोडक्यात, यंत्र वसंतात, त्याने पुन्हा हात लावायच्या आधी, जसे होते तसे केले. गुरुवारी मंडळात विचारल्यावर तो "ड्रायव्हर" एवढेच म्हणाला. तिहोमिरकाकांनी त्या दिवशी सगळ्यांसाठी राकियाची बाटली स्वतः आणली.

आता सप्टेंबर लागला होता. लॅपटॉप लोण्यासारखा चालत होता. पहिल्याच रविवारी नेवेना पडद्यावर आली, पाऊस झाला, गुडघे झाले, मिरच्या झाल्या. मग मावशींनी विचारले, "घरी कधी येतेस?"

नेवेनाचा चेहरा गोठला.

डोळे जरा खाली, ओठ मिटलेले, कपाळावर एक बट. आवाज नाही. रेल्या उडी मारून आला. बाण व्यवस्थित हलत होता. घड्याळ चालत होते. मेमरी अर्ध्याहून अधिक रिकामी होती. फक्त ती हलत नव्हती. थोड्या वेळाने तिच्या बाजूने संपर्क तुटला, आणि मागाहून निरोप आला की इंटरनेट खराब आहे, आई, पुढच्या रविवारी बोलू.

पुढच्या रविवारी तेच झाले, आणि त्याच्या पुढच्याही. रेल्याने भिंतीला छिद्र पाडून तार आणली, म्हणजे हवेतून येणाऱ्या इंटरनेटवर ठपका नको. ब्राउझर नव्या कोऱ्या खात्याने उघडून पाहिला, त्याची सगळी जोडसाधने काढली. प्रणालीने स्वतःबद्दल केलेल्या नोंदी तो रात्रंदिवस वाचू लागला. त्यांत कुठे अवाक्षर नव्हते. यंत्राच्या मते त्या क्षणी काहीही घडले नव्हते. रेल्याला वाटे, इतका सूक्ष्म दोष आजवर कोणाच्या वाट्याला आला नसेल, आणि या विचाराने त्याला दुःखातही थोडे मोठे झाल्यासारखे वाटे.

मग त्याने जगाच्या फोरमवर लिहिले. तिथल्या ज्येष्ठांनी नेहमीप्रमाणे विचारले की दोष हवा तेव्हा पुन्हा घडवून दाखवता येतो का, आणि येत असेल तर क्रमाने सांगा. रेल्याने क्रमाने सांगितले. हवामानाबद्दल बोलावे, चित्र वाहते राहते. तब्येतीबद्दल बोलावे, वाहते राहते. मग आईने मुलीला घरी कधी येणार असे विचारावे, चित्र गोठते. हवे तितक्या वेळा करून पाहा, दर वेळी गोठते. त्याने ते दोनदा वाचले. मजकूर निर्दोष होता. पोर्तुगालच्या एका गृहस्थांनी उत्तर दिले की माझ्याकडे असे होत नाही, पण मला आई नाही. दुसऱ्याने पंथ बदलायचा सल्ला दिला. तिसऱ्याने एकच ओळ लिहिली होती: दुसऱ्या टोकाला काय चालले आहे, ते पाहिले का? रेल्याने बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले आणि तिच्यावर "विषयाला धरून नाही" अशी खूण केली.

मंडळात मात्र या क्रमाने चैतन्य आले. तिहोमिरकाकांनी मांडले की प्रश्न विचारताना माणसाचा आवाज शेवटी वर चढतो. देसाबाईंचा तर विशेष चढतो. ती उंच पट्टी आवाजाच्या यंत्रणेला झेपत नसावी आणि तिथून ड्रायव्हर कोसळत असावा. रेल्वेच्या भोंग्यांचा त्यांना अनुभव होता. रेल्याने प्रयोग केला. मावशींना सांगून तोच चढ ठेवून "जेवलीस का?" असे विचारायला लावले. नेवेना हसून म्हणाली की जेवले, आणि तू अशी ओरडतेस का? चित्र झुळझुळ वाहत राहिले. बुदिमिरकाकांनी रेल्याला सांगितले की काही लोकांना भोंग्यापलीकडे विज्ञान नाही; विचारणारे माणूस बदलून पाहायला हवे.

विचारणारे माणूस बदलायचे म्हणजे रेल्यानेच विचारायचे होते. तो शनिवार त्याने न जेवता काढला. रविवारी मावशी उठल्या, त्याला आपल्या खुर्चीवर बसवले आणि कारण नसताना भांडी विसळायला गेल्या. नेवेना समोर होती. इतकी जवळ त्याने तिला बसस्थानकावरही पाहिली नव्हती. तिने केस कापले होते. तिने विचारले, "बरा आहेस ना रेल्या?" या वेळी त्याची वाक्ये तयार होती. पण ती सगळी बाजूला राहिली आणि त्याच्या तोंडून, अगदी खालच्या पट्टीत, प्रयोगाचेच वाक्य बाहेर पडले.

"नेवेना, तू घरी कधी येतेस?"

ती गोठली. आईच्या वेळेपेक्षाही लवकर.

गुरुवारी रेल्याने मंडळाला निष्कर्ष सांगितला की आवाजाच्या पट्टीचा या दोषाशी संबंध नाही. तिहोमिरकाका खट्टू झाले.

अशात मित्रोवदान जवळ आला. तो देसामावशींच्या घराच्या संताचा दिवस. अशा दिवसाला कोणी कोणाला बोलावत नाही. घर दार उघडे ठेवते, मेज मांडते, आणि ज्याला यायचे असते तो येतो. म्हणून मावशी नेवेनाला "ये" असे कधी म्हणाल्या नाहीत. त्या फक्त "कधी" विचारत. आदल्या दिवशी त्यांची नणंद, यूलाआत्या, सार्मा वळायला आली होती. कोबीची पाने उलगडता उलगडता ती आपल्या मुलाची जुनी तक्रार उगाळत होती. नोवी सादला घर घेतले, इथवर ठीक. पण तिच्या घरच्या संताच्या दिवशी आईच्या मेजाशी न येता त्याने तिकडे आपली वेगळी मेणबत्ती लावली. "ज्यानं मेणबत्ती पेटवली त्यानं घर मांडलं, देसा. तो आता माझ्याकडे पाहुणा म्हणून येईल, मुलगा म्हणून नाही." मावशींनी वळलेली सार्मा पातेल्यात घट्ट बसवली आणि म्हणाल्या की मीठ बघ जरा. रेल्या तेव्हा टेबलाखाली तार ठोकत होता. त्याला हे सगळे ऐकू आले, पण खिळा वाकडा जात होता.

मित्रोवदानच्या सकाळी घर भरले. दारात बुटांचा ढीग, आत वाफ, राकिया, शेजारीपाजारी, आणि खोलीच्या दोन टोकांना बसलेले तिहोमिरकाका व बुदिमिरकाका. मेजाच्या मधोमध नक्षीदार गोल पाव होता, शेजारी उकडलेल्या गव्हाचा झितो, आणि त्या दोहोंमध्ये नवऱ्याच्या नावाने पेटवलेली उंच पिवळी मेणबत्ती. मेजाच्या वरच्या टोकाला, जिथे घरचा मुलगा बसतो, तिथे लॅपटॉप ठेवला होता. रेल्याने पहाटेच येऊन सगळे तपासले होते. त्याने मावशींना न विचारता सगळे टॅब बंद केले होते. ट्रामचे वेळापत्रक तेवढे राहू दिले होते. इतके निरोगी यंत्र सोंबोरात दुसरे नव्हते.

नेवेना पडद्यावर आली. पाहुण्यांनी एकच गलका केला. ती तिकडे आपल्या स्वयंपाकघरात बसली होती. अंगावर चांगला निळा पोशाख होता. पडद्याच्या खालच्या कडेला काहीतरी पिवळसर चमकत होते, दिव्याचा कवडसा असावा. तिने एकेकाला नावाने हाक मारली. शेजाऱ्यांनी पेले उंचावले. यूलाआत्याने विचारले की तिकडे कोबी मिळतो का, आणि तो आंबवतात का. बोलणे इतके सुरळीत चालले होते की तिहोमिरकाका शेजाऱ्याला ड्रायव्हरची गोष्ट सांगू लागले.

देसामावशींनी हात पुसले. ओल्या फडक्याने नाही, कोरड्याने, सावकाश. त्या लॅपटॉपसमोर उभ्या राहिल्या.

"पुढच्या मित्रोवदानला तरी घरी असशील ना, माझ्या लेकरा?"

नेवेना गोठली. डोळे खाली, ओठ मिटलेले. खोली, अशा वेळी भरते तशी, मतांनी भरून गेली. एकाने लॅपटॉप थोडा उचलून आपटावा असे सुचवले. बुदिमिरकाकांनी रेल्याला सांगितले की मूळ अक्षरापासून बांधले असते तर ही वेळ आली नसती. यूलाआत्याने मात्र दाराकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, आणि तिला कारण सापडले.

"अग खिडकी उघडी, दार उघडं, आरपार वारा सुटलाय. माणसाची मान धरते याने, यंत्राची नाही धरणार?"

हे कोणालाच अमान्य नव्हते. आरपार वाऱ्याबद्दल दोन्ही पंथांचे एकमत होते, मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच. तिहोमिरकाकांनी दार लावले. बुदिमिरकाकांनी खिडकी ओढली. मेजावरची मेणबत्ती, जी सकाळपासून फडफडत होती, ती सरळ झाली आणि तिची ज्योत भाल्याच्या पात्यासारखी निश्चल उभी राहिली.

रेल्या पडद्यावर वाकला होता. बाण हलत होता, घड्याळ चालत होते, मेमरी रिकामी होती. सवयीने त्याची नजर नेवेनाच्या चेहऱ्यावरून खाली सरकली. खालच्या कडेला तो पिवळा कवडसा होता.

कवडसा हलत होता.

तो डावीकडे झुकला, बारीक झाला, पुन्हा उंच झाला. त्याच्या मागे गोल पावाची कड दिसत होती, जराशी करपलेली. पहिल्यांदाच भाजणाऱ्याच्या हातून करपते तशी. इकडची ज्योत स्थिर होती आणि तिकडची नाचत होती, आणि दोघींच्या मधे नेवेना श्वास रोखून बसली होती.

रेल्याने मान वर केली. देसामावशी पडद्याच्या त्याच कोपऱ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हते. मग त्यांनी पाव उचलला आणि लॅपटॉपसमोर असा ठेवला, की मागे उभ्या यूलाआत्याला पडद्याची खालची कड दिसू नये.

"अडकलंय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पोरा, बघ ना जरा."

रेल्याने कळफलकावर बोटे ठेवली. काहीही न करणाऱ्या दोन-चार कळा त्याने दाबल्या, मोठ्या लक्षपूर्वक, जसा वर्गात फळा पुसत असे तसा. मावशी त्याच्या खांद्यावरून पुढे वाकल्या, पडद्यावर उजवीकडे, नेहमीच्या जागी, बोट टेकवले आणि मऊ आवाजात विचारले, "थंडी फार आहे का गं तिकडे?"

चित्र लगेच सुटले.

"हो आई," नेवेना म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "फार आहे."

खोलीत टाळ्या पडल्या. शेजाऱ्यांनी रेल्याची पाठ थोपटली, यूलाआत्याने त्याच्या पुढ्यात झितोची वाटी ठेवली आणि खिडकी आता दिवसभर कोणी उघडायची नाही असे बजावले. तिहोमिरकाकांनी लांबूनच पेला उंचावून विचारले की शेवटी ड्रायव्हरच ना? रेल्याने नेहमीप्रमाणे मान हलवली. बाहेर बोजोशची उरलीसुरली पाने गळत होती आणि बंद काचेतून येणारा दुपारचा उजेड पडद्यावरच्या नव्या ठशावर पडला होता. कापड त्याच्या खिशात होते. ते त्याने काढले नाही.

लॅपटॉप कधीचाच दुरुस्त झाला होता. नेवेना परत येणार नव्हती.